नान्नजच्या माळावरची थंडी आणि ६ अँपिअरचा सॉकेट

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास कॅम्पर व्हॅन उभी करणे अशक्यच, म्हणून नंदीध्वजांची मिरवणूक डोळे भरून पाहिली आणि संध्याकाळी आम्ही नान्नजच्या बाजूला मुक्कामाला गेलो. उन्हाळ्यात भाजून काढणारा हा मुलूख जानेवारीत रात्री चांगलाच गारठतो, आणि व्हॅनचा पत्रा तर जेवणे होईपर्यंतच गार पडतो.

मुक्कामाच्या जागी ‘विजेची सोय’ म्हणून वेगळे पैसे घेतले. प्रत्यक्षात भिंतीवर ६ अँपिअरचा एक जुना सॉकेट होता. याची मला मनापासून चीड आली. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १३८० वॅट, आणि बाजारातला साधा फॅन हीटर वरच्या बटणावर २००० वॅट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. शेजारच्या व्हॅनमधल्या कुटुंबाने तसाच हीटर लांबलचक एक्स्टेंशनवर लावला होता. दूध घेऊन आलेले वस्तीवरचे मामा तिथे थबकले, त्यांनी आधी बटण बंद केले आणि मग पिन उपसून आम्हाला दाखवली: एका बाजूचे प्लास्टिक पिवळे पडून मऊ झाले होते. “ताई, शेतातल्या मोटारीलासुद्धा असली बारीक वायर लावत नाही ओ आम्ही,” ते म्हणाले. पैसे घेणाऱ्यांपैकी कोणीही रात्रभर फिरकले नाही. या माणसाने मात्र घरून जाड वायर आणून दिली.

माझे मत आता पक्के आहे. लालबुंद कांड्यांचा हीटर पडदे आणि गाद्यांनी भरलेल्या एवढ्याशा जागेत नकोच. आत तेल भरलेला विजेचा रेडिएटर जड असतो आणि सावकाश तापतो, पण त्याला पंख्याचा आवाज नसतो. झोपण्यापूर्वी तो १००० वॅटवर तासभर चालवून बंद करावा. बॅटरीवर हीटर चालवण्याचा विचारच सोडावा, कारण १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, आणि लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरणे बरे. त्यावर १००० वॅटचा हीटर अर्धा तासच टिकेल. तेवढ्याच विजेवर ६० वॅटचे १२ व्होल्टचे गरम ब्लँकेट मात्र रात्रभर चालते. ते घडी घालून किंवा चुरगळून लावू नये, आणि त्यावर सोलापुरी चादर घेतली की व्हॅन तापवण्याची गरजच उरत नाही.