आश्वे, मे महिना आणि छतावरचा एसी

कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडेपर्यंत आमची कॅम्पर व्हॅन गुणी बाळासारखी चालली. आंबोलीत तर एसीची आठवणही झाली नाही. उत्तर गोव्यातल्या आश्वेला, किनाऱ्यालगत माडांच्या बागेत मुक्काम. रात्री नऊला एसी लावला आणि तासाभरात नुसता पंख्याचा वारा उरला. बाबा, म्हणजे सासरे, काही बोलले नाहीत; पंचा ओला करून खांद्यावर घेतला फक्त. मला तेवढं पुरलं.

छतावर पाच-सात सेकंद ‘हूंऽऽ’, मग ‘टक्’, मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी आलेल्या कारागिराने झाकणही न काढता निकाल दिला, “कंप्रेसर गेला, नवीन युनिट बसवा.” नव्याचा आकडा लाखाच्या पुढे, यायला पंधरा दिवस. आमची रजा सहा दिवसांची!

ह्यांनी मल्टिमीटर काढला. व्हॅनच्या प्लगला २१० व्होल्ट, पण कंप्रेसर उठायला बघताच १७५. चूक आमचीच होती. सुरू होताना कंप्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, आणि आम्ही ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची ३० मीटर वायर लावून बसलेलो. २.५ चौरस मिलिमीटरची आणली तेव्हा आकडा १९८ वर थांबला. ही वायर घरूनच न्या, बागवाल्याकडच्या वायरीवर विसंबू नका. ‘हूं-टक्’ मात्र चालूच.

मग म्हापसा. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस. व्हॅन लावायला जागा शोधण्यातच आमचा तास गेला. तिथला मेकॅनिक मूळचा बांद्याचा. वीज बंद करून त्याने आधी कपॅसिटर, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला जोर देणारी डबी, डिस्चार्ज केला (वीज काढली तरी त्यात धक्का शिल्लक असतो, तुम्ही हात घालू नका). डबीचं डोकं फुगलेलं. वर छापलेली क्षमता ४५ मायक्रोफॅरड, मीटरवर १२. “वहिनी, कंप्रेसर नाय गेलो, कपॅसिटर गेलो.” मजुरीसकट ९०० रुपये. आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत ९ अंशांचा फरक आला; ८ ते ११ असला की समाधान मानावं. त्या रात्री बाबांनी चादर मागितली.

पण जाता जाता त्याने कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या) फिन्सला, म्हणजे पातळ पट्ट्यांना, नख लावून दाखवलं. पांढरी भुकटी पडली. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियम खाल्लेलं, युनिट सात वर्षांचं. कपॅसिटर, पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट असं काही गेलं तर मी अजूनही दुरुस्तच करीन. गॅस गळला तर मात्र नाही. छतावरच्या युनिटात गॅस कारखान्यातच सील केलेला, बहुतेकांना भरायला वाल्वच नसतो. पाइप कापून, जोडून गॅस भरायचा आणि कुजलेल्या कॉइलला महिन्याभरात शेजारी दुसरं भोक पडायचं. कंप्रेसर खरंच जळला तरी हाच हिशोब.

नवीन घ्याल तर आधी छताचं भोक मोजा, सहसा १४ बाय १४ इंच असतं. व्होल्टेजही वाचा: अमेरिकेतली युनिटं ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० आणि ५०. युनिट आणि छत यांमधला जुना गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) पुन्हा वापरू नका, पहिल्याच पावसात गादी भिजेल. आणि किनाऱ्यावरून निघताना कॉइलवर गोडं पाणी हलक्या धारेने सोडा. प्रेशर गन नको, फिन्स आडव्या होतात. आमच्या एका कोपऱ्यात तशा झाल्यात, त्या मीच केलेल्या.