डाळीच्या डब्यातले हजार रुपये

श्रावण, रविवार रात्र

आज डबा रिकामा झाला. काल संध्याकाळी सासूबाई न्हाणीजवळ घसरल्या, मनगट सुजून टम्म. रात्रभर हळद-चुना लावून काढली. सकाळी ऑटो करून यवतमाळला नेलं, हाड मोडलेलंच निघालं. ऑटोचे ८००, बाहेरून काढलेल्या एक्स-रे फोटोचे ४००, औषधाचे ३५०, चहा-फराळाचे १५०. एकूण १,७००. डब्यात १,३४० होते. वरचे ३६० जाऊबाईंकडून घेतले, उद्या पोस्टातून काढून देईन.

मागच्या भादव्यात पोराला डेंग्यू झाला तेव्हा घरात २०० रुपयेही नव्हते. गावातल्या दुकानदाराकडून ५,००० उचलले, शेकडा ५ नं. महिन्याला २५० व्याज. कापूस विकून पैसे हाती यायला पाच महिने लागले, म्हणजे १,२५० व्याजातच गेले. वेचणीचा भाव किलोला १० रुपये; सव्वाशे किलो कापूस मी त्याच्यासाठी वेचला! तेव्हापासून अडीनडीसाठी बाजूला ठेवायचा ५,००० चा आकडा डोक्यात बसलाय. फोनवर एक जण सांगत होता, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. ठेवते बाबा, आधी सहा दिवसांचा जमू दे.

आमची कमाई थोडी आहे हे खरंच, पण ती येतेही वेळा पाहून. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हातात पैसा खेळतो, होळीनंतर वावरात काम नाही, आणि दुखणी येतात नेमकी पावसाळ्यात, बियाण्या-खतात सगळं गेल्यावर. म्हणून वेचणीतच ठरवलं, रोजचे पहिले पाच किलो माझे नाहीत. ५० रुपये रोज, सहा दिवसांचे ३००. आठ आठवडे पाळलं, मग तुरीच्या सोंगणीत मोडलं. २,४०० जमले. १,४०० पोस्टाच्या बचत खात्यात, १,००० तुरीच्या डाळीच्या डब्यात, कारण पोस्ट रात्री उघडत नाही. खात्यात ५०० ठेवावेच लागतात, म्हणजे कामाचे ९०० च. पोस्टमास्तर आरडी सुचवत होते, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, महिना १०० ची. पण ती पाच वर्षांची, तीन वर्षांआधी मोडता येत नाही. लग्नकार्यासाठी बरी, तापासाठी नाही.

बचत गटात १०० भरतेच. तिथलं कर्ज स्वस्त, शेकडा २, पण बैठक ५ तारखेला. ताप तारीख पाहून येत नाही. लाडकी बहीणचे १,५०० किराण्यात विरघळतात. २० रुपयांचा विमाही काढलाय, तो अपघाती मृत्यू नि अपंगत्वाचा. मनगटासाठी त्यात काही नाही.

डब्यातले वरचे ३४० यांच्या खर्ऱ्याचे, त्या तंबाखू-सुपारीच्या पुडीचे. दिवसाला दोन खातात, २० चा एक. बंद करा म्हणून भांडून पाहिलं, तीन दिवस अबोला. मग म्हटलं, खा, पण एका खर्ऱ्याचे २० डब्यात टाका. पाच दिवस टाकले की चार दिवस विसरतात.

सगळ्यात जड गेलं ते राखीला. नणंदबाईंनी पोराच्या दप्तर-वह्यांसाठी १,००० मागितले. मी म्हटलं, पैसे पोस्टात अडकले. डाळ काढायला गेले तेव्हा हात थरथरत होता. त्या गेल्या, आणि मी दोन दिवस त्यांना फोन केला नाही. दिले असते तर आज पुन्हा त्याच दुकानदाराच्या दारात उभी असते, हे मला माहीत आहे. तरी वाईट वाटतं ते वाटतंच.

संध्याकाळी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून सासूबाईंनी विचारलं, "कोनाजवळून आनले वं पैसे?"

"आपलेच व्हत."

"आपल्याजवळ कुठून आले?"

त्यांना काही पटलं नाही. उद्या त्या दुकानदाराला विचारायला जातील, मोडल्या हातानं.