आधी पेटी, मग वॅट

लालबागच्या गाळ्यात आम्ही दोघं. मी अ‍ॅम्प्लिफायर जोडायचो, मेव्हणा स्पीकरच्या पेट्या करायचा. दोन वेगळे धंदे एका छपराखाली, असाच आमचा हिशेब. मी लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक उचलायचो. तो हाताशी असलेल्या प्लायच्या तुकड्यांतून बसेल ते माप धरायचा. गिऱ्हाईक एकच विचारायचं, "वॅट किती?" पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या वॅटच्या, हजारी आकड्यांनी लोकांना तीच सवय लावलेली, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

मग परळचं काम आलं. दहा इंची वूफर (खर्जाचा स्पीकर), पाइप लावलेली ६० लिटरची पेटी, ३० हर्ट्झला ट्यून केलेली, म्हणजे त्या सुराला पाइपमधली हवा घुमते, आणि वर माझा ३०० वॅटचा अ‍ॅम्प. गाणी झकास वाजली. आठवड्याने त्यांनी कुठल्याशा सिनेमातला स्फोट मोठ्याने लावला आणि आतून टकटक आली. पाइपच्या ट्यूनिंगखाली गेलं की पेटीतल्या हवेचा आधार सुटतो, कोन, म्हणजे वूफरचा पुढे-मागे हलणारा पडदा, मोकाट धावतो. कोनला जोडलेली तारेची कॉईल मागच्या लोखंडावर आपटून वाकली होती. नवा वूफर आमच्या खिशातून. तेव्हापासून पाइपवाल्या पेटीचा अ‍ॅम्प, अगदी खालचे सूर कापणाऱ्या सबसॉनिक फिल्टरशिवाय, गाळ्याबाहेर जात नाही.

त्यानंतर थील आणि स्मॉल यांची, वूफरवरून पेटीचं माप काढायची गणितं घेऊन बसलो. वर्गमूळ मेव्हण्याला माझ्याआधी जमलं, हे तो अजून ऐकवतो. समजा वूफरचा एफएस (पेटीबाहेर तो ज्या सुराला घुमतो तो) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (ते घुमणं किती मोकाट, त्याचा आकडा) ०.४ आणि व्हास (वूफरइतकीच लवचीक असलेली हवा) ७० लिटर. ३३ लिटरच्या बंद पेटीत पेटीसकट एकूण क्यू ०.७ येतो, रेझोनन्स, म्हणजे घुमण्याचा सूर, ५० हर्ट्झच्या आसपास. खर्ज घट्ट, सपाट. तोच वूफर १५ लिटरमध्ये कोंबला की क्यू ०.९५ आणि रेझोनन्स ६७. ढोलाचा धब्ब तेवढा फुगतो, खालची घुमी गायब. ती अ‍ॅम्पने उचलायची म्हटलं तर दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट: १०० चे २००, २०० चे ४००. कॉईल तापते आणि कोनची धाव तर आधीच संपलेली असते. म्हणजे लहान पेटीची किंमत माझ्या ट्रान्सफॉर्मरने मोजायची! यावरून आमची भांडणं झाली, बऱ्यापैकी मोठ्याने.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, आम्ही सोडला. कापायला छान, पण आपल्या पावसाळ्यात ओल लागली की कडा फुगतात. आता १८ एमएमचा प्लाय, सांध्यांना गोंद आणि स्क्रू, आत आडवे टेकू.

दहा बाय बाराच्या खोलीत कोपरा आणि भिंती खर्जाला बरीच मदत करतात, त्यामुळे खरे १०० ते १५० वॅट पुरतात. शेजाऱ्यांना तर जास्तच पुरतात. अडतं ते जागेवर. बाहेरून ६० बाय ४५ बाय २० सेंटिमीटरची पेटी, तोंड खाली, चार पाय लावून, प्लाय, टेकू आणि वूफरची जागा वजा जाता साधारण ३३ लिटर देते. म्हणून गिऱ्हाईक वॅट विचारत असतं तेव्हा मेव्हणा टेप घेऊन त्यांच्या पलंगाखाली वाकलेला असतो.