गाजराची पुंगी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, म्हणजे तुम्ही एकटेच नाही हो काका, माझ्या खुर्चीत बसणारा दर तिसरा माणूस विचारतो की मॅडम, गाजर खाल्लं की रात्री स्वच्छ दिसतं ना?

मागच्या हिवाळ्यात एक ताई मुलाला घेऊन आल्या होत्या, नंबर वाढू नये म्हणून रोज ग्लासभर गाजराचा ज्यूस चालू, आणि पोराचे तळहात हळदीने माखल्यासारखे पिवळे, त्यांना वाटलं कावीळच. पण डोळ्यांचा पांढरा भाग अगदी पांढराशुभ्र होता, म्हटलं कावीळ वगैरे नाही, गाजर उतरलंय हातात. नंबर? मायनस सव्वाचा पावणेदोन झालेला.

तर हे खूळ एवढं पसरलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडमुळे. 1940 ला जर्मन विमानं रात्री बॉम्ब टाकायची, खाली सगळीकडे ब्लॅकआउट, आणि जॉन कनिंगहॅम नावाचा पायलट मिट्ट काळोखात ती पाडायला लागला. खरं तर त्याच्या विमानात रडार होतं, मागे बसलेला ऑपरेटर छोट्या स्क्रीनवर बघून डावीकडे घे, उजवीकडे घे सांगायचा. पण रडारचं नाव काढायची सोय नव्हती, मग पेपरात छापून आलं की आमची पोरं गाजर खातात. कनिंगहॅमला 'कॅट्स आइज' म्हणायला लागले, जे त्याला बिलकुल आवडायचं नाही. जर्मन फसले असतील असं मला नाही वाटत, त्यांच्याकडे स्वतःचं रडार होतं की! पण तिकडे साखर रेशनवर आणि गाजर मात्र रग्गड, त्यामुळे सरकारी अन्नखात्याने 'डॉक्टर कॅरट' नावाचं कार्टून काढून लोकांना गाजराचा जॅम काय, केक काय, सगळं करायला लावलं. आपली म्हणच आहे ना, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली.

आता अगदीच थाप म्हणावं तर तसंही नाही. अंधारात बघायला डोळ्याच्या पडद्यावर ऱ्होडॉप्सिन नावाचं, उजेड टिपणारं द्रव्य लागतं आणि ते बनायला व्हिटॅमिन ए. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, म्हणून तर आपल्याकडे लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ए चा डोस पाजतात. पण टाकी भरलेली असताना वरून कितीही ओता, बाहेरच सांडणार, त्या पोराच्या तळहातावर सांडलं तसं. आणि मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो, त्याला गाजर काय करणार?

तुम्हाला समोरच्या गाडीचे लाइट फाकलेले दिसतात म्हणालात ना, वय बासष्ट, बिपी शुगर नाही. इथे हनुवटी टेकवा, मोतीबिंदू आहे का बघू.