काश्मीरच्या तळ्यांसाठी निवडलेला रॉड

जळगावातील माझ्या दुकानात येणारे बहुतेक लोक तापी, गिरणा किंवा वाघूर धरणावर गळ टाकणारे असतात आणि त्यांना मरळ-कटल्याचा हिसका सोसणारा जाड फायबरग्लासचा रॉड लागतो. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. पाणी 20 अंशांच्या पुढे तापू लागले की तो कासावीस होतो, त्यामुळे आमच्याकडे त्याची चौकशी करणारा माणूस विरळाच. म्हणूनच चाळीसगावकडचे एक शिक्षक दुकानात येऊन, "भाऊ, ट्राउटसाठी घडीचा रॉड दाखवा, पण दीड फुटाच्या वर नको," असे म्हणाले, तो दिवस माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

ऑगस्टमध्ये ते सोनमर्गहून नारानागपर्यंत पायी जाणार होते. त्या वाटेवर विशनसर, किशनसर, गडसर, गंगाबल ही तळी लागतात आणि 1900 च्या सुमारास इंग्रजांनी काश्मीरच्या पाण्यात आणून सोडलेल्या ब्राऊन ट्राउटची पैदास आज तिथे आहे. तंबू, शिधा, गरम कपडे असे सगळे ओझे पाठीवर घेऊन 4,000 मीटरपेक्षा उंच खिंडी ओलांडायच्या असल्याने सरांना रॉड आखूड हवा होता, हे मला समजत होते. मी एवढेच विचारले, "सर, तिथे रॉड मोडला तर दुसरा कुठून आणणार?"

गिरणेवर वापरलेला आपला टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा रॉड त्यांनी सोबत आणला होता. घडी केल्यावर तो जेमतेम 42 सेंटिमीटर भरत होता, आणि त्याच जातीचा नवा रॉड घ्यावा, असे त्यांच्या मनात होते. मी तो उघडून पुन्हा मिटू लागलो तेव्हा मधली एक नळी आत जाईना. पाण्याने धुतल्यावर तिच्या सांध्यातून वाळूचे दोन-तीन कण निघाले. मग मी कापसाची एक पातळ वात दोर ओवायच्या प्रत्येक कडीतून ओढून पाहिली. टोकाच्या कडीत कापसाचे तंतू अडकून राहिले, म्हणजे आतल्या चिनीमातीच्या वळ्याला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली होती. अशी चीर बारीक तंगूस हळूहळू कापत जाते आणि मासा लागल्यावर नेमक्या त्याच वेळी दोर तुटतो. आमच्या भागात कापूस घरोघरी असतो, म्हणून ही पारख प्रत्येकाने रॉड विकत घेण्यापूर्वीच करावी, असा माझा आग्रह असतो.

त्यानंतर मी चार भागांत सुटणारा, साडेसहा फुटी कार्बनचा रॉड काढला. दोन्ही रॉडच्या टोकांना आळीपाळीने सारख्याच वजनाची पिशवी बांधली, तेव्हा टेलिस्कोपिक रॉड सांध्यासांध्याला ताठ राहून मध्येच वाकला, तर चार भागांचा रॉड टोकापासून मुठीपर्यंत धनुष्यासारखा एकसंध वळला. ट्राउटसाठी वापरायचा स्पिनर, म्हणजे पाण्यात ओढताना फिरणारे धातूचे खोटे आमिष, 3 ते 7 ग्रॅमचा असतो. टोक लवचिक नसेल तर एवढे हलके आमिष लांब जात नाही आणि बारीक तंगुसावर माशाची धडपडही झेलता येत नाही. संध्याकाळी मेहरूण तलावावर जाऊन गळ काढून टाकलेला स्पिनर सरांनी दोन्ही रॉडनी फेकून पाहिला, आणि फरक मला सांगावा लागला नाही.

तरी लांबीचा प्रश्न उरलाच होता. चार भागांचा रॉड सुटा केल्यावर सुमारे 53 सेंटिमीटरचा होतो. मी त्यांची पाठपिशवी काउंटरवर ठेवायला लावली आणि रॉड ठेवायची नळी तिच्या बाजूच्या खिशात उभी करून वरच्या पट्ट्याने आवळली. ती सहज बसली, आणि ज्या दहा-अकरा सेंटिमीटरसाठी ते अडून बसले होते, त्यांची अडचण तिथेच मिटली. सहा भागांचा रॉड याहून आखूड होतो, पण प्रत्येक वाढीव सांधा म्हणजे सैल होऊ शकणारी आणखी एक जागा, म्हणून तो मी सुचवला नाही. रिळाशिवाय चालणारा जपानी तेनकारा रॉड त्यांनी कुठेतरी पाहिला होता. अरुंद ओढ्यासाठी तो उत्तम आहे. परंतु त्याचा दोर ठरावीक लांबीचाच असल्याने वाऱ्यात, मोठ्या तळ्याच्या काठावरून दूरच्या माशापर्यंत तो पोहोचत नाही.

सरांनी चार भागांचा रॉड आणि 1000 मापाचे छोटे रीळ घेतले. सांधे बसवताना कड्या एका रेषेतून किंचित बाजूला ठेवून सरळ दाबावेत, मग कड्या एका रेषेत येईपर्यंत फिरवावेत, आणि अधूनमधून ते सैल झाले नाहीत ना, हे चाचपावे. अर्धवट बसलेला सांधाच फेकताना फुटतो, म्हणून हे सगळे मी त्यांच्याकडून दोनदा करवून घेतले. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून खिंडीत ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून दूर व्हायचे, हेही बजावले. मत्स्यविभागाचा परवाना घेताना कोणते आमिष चालते, हे तिथेच विचारून घ्यायला सांगितले. निघताना त्यांनी टोकाची एक जादा कडी आणि गरम करून लावायच्या गोंदाची कांडी मागून घेतली, आणि काडेपेटीच्या ज्योतीवर ती कडी कशी बसवायची, हे दुकानातच स्वतः करून पाहिले.