आमची वाटचाल : सतरा फुटी आयशर आणि आठ बेल्ट

१९९८ साली सुरुवात केली तेव्हा आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग वाहायचो. जुन्या मोटारींकडे वळलो ते मिस्त्रीमामांमुळे. त्यांच्या गॅरेजला बेळगावहून एक डुक्कर फियाट आणायची होती आणि कुणी ट्रकवाला हात लावेना. आम्ही आणली. चढवायला बाभळीच्या दोन फळ्या, ओढायला हातविंच. मामा म्हणाले, "गाडी तुझी, अक्कल माझी, भाडं निम्मं निम्मं." कागद कधी केलाच नाही, पण मामा होते तोवर हिशेब तसाच चालला.

मधली वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते २०१२ चं.

सांगलीच्या एका डॉक्टरसाहेबांनी कोलकात्यात लँडमास्टर घेतली. अँबॅसडरच्या आधीची, उत्तरपाड्याच्या कारखान्यातली. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या दोन्ही आयशर बाहेर होत्या आणि डॉक्टरांना घाई. आमच्याच लाइनीतल्या एका मोठ्या कॅरिअरवाल्याची गाडी तिकडून रिकामी परतत होती. परतीचं भाडं स्वस्त पडतं, म्हणून माल त्याला दिला. नाव घेत नाही, इकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

रायपूरपर्यंत ड्रायव्हरचा फोन लागत होता. पुढे नुसतं "येतोय साहेब". गाडी उतरवली तर पुढचा बंपर लोंबतोय आणि त्यामागचा पत्रा जुन्या पायजम्यासारखा टरकलेला. पठ्ठ्याने बंपरच्या ब्रॅकेटमध्ये हूक अडकवून साखळी आवळली होती. लँडमास्टरला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चेसिस. त्यात बंगालची दमट हवा. वरून रंग चकाचक, खाली पत्रा पापडासारखा. अशा गाडीची चाकं बांधायची असतात, बॉडी नव्हे. म्हणजे वर बॉडी स्प्रिंगवर हलती राहते आणि गचका पत्र्यावर येत नाही.

ट्रान्झिट विमा काढला नव्हता, ती चूक माझी. एक आयशर विकून भरपाई दिली. त्याचं दुःख नाही. दुःख याचं, की त्याच कॅरिअरवाल्याने पुण्यापर्यंत बोभाटा केला, "कोल्हापूरवाल्यांकडे मोटार दिली की फाटून येते." फाडली कुणी? चार महिने एक लोड नाही. मामा रोज दुपारी येऊन बेल्ट आवळायच्या रॅचेटला तेल देत बसायचे. दुसरं काम काय होतं?

डॉक्टरसाहेबांनी पैसे मोजून घेतले, एक रुपया सोडला नाही. मग म्हणाले, "चेन्नईत हेराल्ड बघितलीय. तुम्हीच आणायची, पण केबिनमध्ये तुम्ही स्वतः बसायचं." हेराल्डला चेसिस वेगळी, तशी काळजी कमी. तरी मी प्रत्येक चाकाला दोन असे आठ बेल्ट लावले, चाकांपुढे-मागे लाकडी गुटके ठोकले, आणि आरशांना घरची गोधडी गुंडाळली. बायको अजून त्या गोधडीचं काढते. साडेनऊशे किलोमीटरमध्ये मी किती वेळा खाली उतरलो, ते ड्रायव्हरला विचारा.

आता विषय निघालाच आहे तर नव्याने जुनी मोटार घेणाऱ्यांना सांगतो. परराज्यातली असेल तर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेसिस नंबरचा फोटो स्वतः काढा. टाकीत चार-पाच लिटरच पेट्रोल ठेवा, बॅटरीची वायर काढा, व्हील कॅप काढून सोबत ठेवा. जुन्या हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा आवळायला लावा. नवा बेल्ट हमखास सैल पडतो. आणि डिकीत सासुरवाडीचं सामान भरू नका हो! गेल्या वर्षी एका कॉन्टेसाच्या डिकीत लोणच्याची बरणी फुटली आणि बोलणी आम्ही खाल्ली.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या मोटारींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. असा नंबर घेतलेल्या मोटारी रोजच्या वापराला काढता येत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे विचारणा वाढली. दुसरी आयशर परत घेतली.

लँडमास्टरचा तो तुटका ब्रॅकेट ऑफिसात टेबलावर असतो, बिलांवर वजन म्हणून. गेल्या महिन्यात त्या कॅरिअरवाल्याचा फोन आला. त्याची विंच बिघडली होती, आमची दोन दिवस मिळेल का म्हणाला. दिली. भाडं आगाऊ घेतलं.