इंजेक्शननंतरचे दिवस

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला त्या सकाळी रुग्णालयाच्या दारातच डॉक्टरांनी मला विचारले, "ते अगदी नीट असल्याचे शेवटचे कोणी आणि कधी पाहिले?" पावणेआठला ते खुर्चीत एका बाजूला कलंडलेले आम्हाला दिसले होते, पण सात वाजता ते आईशी व्यवस्थित बोलले होते, आणि उपचारांची वेळ त्या सातपासून मोजायची असते हे मला तेव्हा कळले. झटका झोपेत आला असता, तर आदल्या रात्री ते झोपायला गेले तेव्हापासूनचे तास धरले गेले असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्यामुळे या एका उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आमच्या परिसरातील हे रुग्णालय लहान आहे आणि तेथे मेंदूविकारतज्ज्ञ चोवीस तास नसतात. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांनी वडिलांना पडद्यावरून तपासले, हात उचलायला सांगितले, चेहरा पाहिला आणि सीटी स्कॅनची चित्रेही तिकडूनच पाहिली. पक्षाघाताच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद झालेली असते आणि बाकीच्यांमध्ये मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाला तारणारे इंजेक्शन दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, म्हणून स्कॅनशिवाय कोणी पुढे जात नाही. रक्तातील साखर फार उतरली तरी अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून तीही लगेच पाहिली गेली. संमती घेताना डॉक्टरांनी धोका लपवला नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीमुळे हे उपचार रूढ झाले, तिच्यात औषध दिलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला होता. तरीही तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण औषध घेतलेल्या गटातच जास्त होते. मी सही केली. मोठी रक्तवाहिनी बंद असती, तर इंजेक्शन सुरू करून त्यांना गुठळी नळीने ओढून काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात हलवले असते. तशी वेळ आली नाही.

या पहिल्या तासाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते आवश्यकही आहे. परंतु वडील आज ज्या स्थितीत आहेत, त्यात पुढच्या तीन आठवड्यांचा वाटा तितकाच मोठा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि त्या दिवसांविषयी आम्हाला आधी कोणीच काही सांगितलेले नव्हते.

दुपारी त्यांचे ओठ कोरडे पडलेले पाहून मी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा परिचारिकेने माझा हात धरून थांबवले. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि काही वेळा ठसकासुद्धा लागत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया पक्षाघातानंतरच्या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी नाही, अन्न नाही, गोळीही नाही, हा तेथील नियम होता. वडील त्या तपासणीत उत्तीर्ण झाले नाहीत. पाच दिवस नाकातून नळी राहिली, आणि मग वाचाउपचारतज्ज्ञांनी त्यांना ताठ बसवून, घट्टसर केलेले द्रव चमच्याचमच्याने द्यायला आम्हाला शिकवले.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी त्या रुग्णालयात सहा खाटांचा वेगळा कक्ष आहे. तेथे डोळे दिपवणारे एकही यंत्र नाही. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचाउपचारतज्ज्ञ रोज सकाळी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाविषयी बोलतात, एवढेच. अशा कक्षात ठेवलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे आणि कायमच्या परावलंबनाचे प्रमाण कमी असते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. आणि हा लाभ तरुणांना आणि वृद्धांना, सौम्य आणि तीव्र झटका आलेल्यांना, सर्वांनाच होतो. इंजेक्शन थोड्यांनाच देता येते, हा कक्ष मात्र सर्वांच्या उपयोगाचा असतो. लहान रुग्णालयाने पैसा कशावर खर्च करावा असे मला कोणी विचारले, तर मी आधी या कक्षाचे नाव घेईन.

पहिल्याच दिवशी वडिलांना उभे करावे असा माझा आग्रह होता, कारण पडून राहिले की अंग आखडते एवढेच मला ठाऊक होते. फिजिओथेरपिस्टने ते मान्य केले नाही. पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या चोवीस तासांत सुरू केलेल्या जोरकस हालचालीने सुधारणा होण्याऐवजी परिणाम काहीसे वाईटच झाल्याचे दिसले होते. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून थोडा वेळ, पण अनेकदा, असे बसवणे सुरू झाले. खाटेच्या डोक्याशी एक पाटी लावलेली होती: उजवा हात धरून ओढू नये. लुळ्या हाताचा खांदा सैल पडलेला असतो. प्रेमाने उठवणारे नातेवाईकच तो निखळवतात आणि मग त्या वेदनेमुळे व्यायाम महिनोन्महिने अडतो.

सर्वांत कठीण गेला तो वाचाघात. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता, त्यामुळे उजव्या अंगाबरोबर शब्दही गेले. त्यांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. पण वाचाउपचारतज्ज्ञांनी एक, दोन, तीन अशी सुरुवात करून दिली आणि वडील सलग दहापर्यंत मोजत गेले, तेव्हा आई रडू लागली. पाठ असलेले बोलणे आणि जुळवून बोलायचे वाक्य या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी समजावले. त्यांनी आमच्या बोलण्यालाही शिस्त लावली: एका वेळी एकच प्रश्न, हो किंवा नाही असे उत्तर देता येईल असा, आणि उत्तरासाठी थांबायचे. भेटीला येणारे मोठ्याने बोलत, जणू त्यांना ऐकूच येत नाही. त्यांना दाराबाहेरच हे सांगण्याचे काम मी घेतले.

एक उणीव सांगायला हवी. शनिवारी आणि रविवारी तेथे कोणतीही थेरपी होत नसे, आणि सुधारणा सर्वाधिक वेगाने होते त्या पहिल्या आठवड्यांतील असे सहा दिवस रिकामे गेले. याविषयी मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.

हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवताना त्यांची लय अनियमित असल्याचे आढळले. गुठळी बहुधा तेथूनच आली होती, म्हणून आता रक्त पातळ ठेवणारे औषध कायमचे सुरू आहे आणि रक्तदाबाची रोज नोंद होते. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना नैराश्य येते, हे घरी सोडतानाच सांगितलेले असल्यामुळे, दुसऱ्या महिन्यात वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले तेव्हा आम्ही ते म्हातारपणावर ढकलले नाही. त्यावरही उपचार झाले.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन गेल्या. सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हे त्यांनी वडिलांना शिकवले. बटणांसह त्यांना पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ आम्ही खोलीबाहेर थांबतो, कारण आत असलो की हात आपोआप मदतीला जातात.